तीन दोऱ्या लांब, दोन दोऱ्या रुंद

१२ जानेवारी, शनिवार

आ हेंग आज येऊन मागची जागा बघून गेला. कुआला पिलातला हा कंत्राटदार. मी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो तेव्हा त्याच्या बापाबरोबर दोन पूल केले होते, त्यामुळे तो मला 'बॉस' म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. स्वयंपाकघराच्या मागे, जमिनीलगत, सिमेंटची एक खोली काढायची आहे. आतच संडास-न्हाणी, फरशी, सरकती खिडकी, बाहेर उघडणारं स्वतंत्र दार. माकनं ठरवलंय. माझी सासू शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिनं ठरवलं की ठरलं.

मी म्हटलं, "माक, खांबांवर उभं असलेलं लाकडी घर आहे. आजवर त्याला एक खिळा लागला नाही. त्याला सिमेंटचं शेपूट कशाला?"

"या घरात एकाचे गुडघे दुखतात आणि एक रात्रभर खोकतो," माक म्हणाली. "रोज जिना कोण चढणार?"

गुडघे म्हणजे माकचेच. खोकणारा फौजी असणार, माझ्या मेहुणीचा, हस्माचा नवरा. फौजी हे त्याचं नावच आहे. सिगारेटी ओढतो. या वर्षी तो निवृत्त झाला की दोघं शाह आलमहून इथंच राहायला येणार आहेत. झैतून गेल्यावर घर चालवायला मुलगी हवीच, आणि माकला आता एकच मुलगी उरलीय. तेव्हा खोली त्यांच्यासाठी. बरोबरच आहे.

नकाशा मी काढायचा आहे. झैतून गेल्यापासून पेन्सिलीला टोक केलं नव्हतं, ते आज केलं. माकनं हाताला काम दिलं, त्याबद्दल मनातल्या मनात तिचे आभार मानले.

१५ जानेवारी, मंगळवार

पहाटे दव पडलं. खोकला आहे थोडा. विशेष नाही.

नोव्हेंबरात झैतूनला माती देऊन आलो तेव्हापासून मी ओसरीवर झोपतो. आतली खोली काय वाईट आहे, असं माकनं विचारलं होतं. ओसरीवर वारा चांगला येतो, असं मी म्हटलं. खरं कारण तिलाही ठाऊक आहे. आमच्याकडे घर बायकांचं. सासरी नांदायला जातो तो नवरा. बायको गेली, तिच्या नावानं शेवटची कंदुरी झाली, गावाला जेवू घातलं, की त्याच्या माहेरची माणसं येऊन त्याला परत घेऊन जातात. आम्हाला मूलबाळ झालं नाही, म्हणजे या घरात मी कुणाचा बापसुद्धा नाही. पाहुण्यानं पाहुण्याच्या जागी झोपावं हे बरं.

माझी भाची सलमिया रोज्यांच्या आधी, एप्रिल संपता संपता, मला न्यायला येईल. तिच्याकडे बाहाउला चार मुलं आहेत आणि एक हॉल. त्या हॉलमध्ये मी. मुलगी गुणी आहे, तक्रार नाही.

मला जायचं नाही. हे एकदा इथं लिहून ठेवतो, म्हणजे तोंडातून निसटणार नाही.

२० जानेवारी, रविवार

हस्मा आणि फौजी दोन दिवस राहून गेले. हस्मानं फरशांचे नमुने आणले होते. ते ओसरीवर माझ्यासमोरच मांडले.

"अबांग, तुम्हाला कुठली आवडते?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं ती मला अबांग म्हणते.

"मला काय विचारतेस? फौजीला विचार."

फौजी पाय पसरून केळ्याची भजी खात होता. म्हणाला, "मला कसलं विचारता? मी तर जावई माणूस." आणि हसला. हस्माही हसली. माक हसली नाही, पण पानाची गुंडाळी गालात इकडून तिकडे सरकवली. तिचं ते हसणंच असतं.

शेवटी मी फिकट हिरवी निवडली. झैतूनला तीच आवडली असती.

२३ जानेवारी, बुधवार

माकनं आज मला शिडीवर चढवलं. आढ्याखालच्या तुळईवर कापडात गुंडाळलेल्या दोन दोऱ्या होत्या, त्या हव्या होत्या तिला. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण ती माझी खासगी बाब आहे.

या घराची जुनी रीत आहे. मुलगी वयात आली की तिला दोन्ही हात पसरायला लावतात आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी कापून ठेवतात. पुढे तिच्या वाट्याची खोली बांधायची वेळ आली की त्या दोरीनं मोजून बांधतात. जिची दोरी तिची खोली. झैतूनची खोली कधी बांधलीच गेली नाही. घरात जागा होती, आणि ती भरायला आमच्याकडे मुलं नव्हती.

माकनं दोन्ही दोऱ्या बोटांतून सावकाश सरकवल्या. एक माझ्या हातात दिली.

"ही घे. तीन दोऱ्या लांब, दोन दोऱ्या रुंद. दुसरी होती तिथं ठेव."

"माक, आता सगळं मीटरमध्ये असतं. आ हेंगला दोरी कळायची नाही."

"तुझ्या मीटरवर बांधलेल्या पुलांवरून लोक अजून धडपणे पलीकडे जातात ना? मग तेवढं भाषांतर जमेल तुला."

२४ जानेवारी, गुरुवार

काल दोरी मीटरमध्ये उतरवायला घेतली, तेव्हा सहज माझे हात पसरून तिला लावून बघितली. ती माझ्या बोटांच्या पुढे गेली. बोटभर.

मी तशीच धरून बसलो. ही हस्माची असणं शक्य नाही. हस्मा माझ्या खांद्याला येते. ही झैतूनची आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला भिंतीशी उभं केलं होतं, स्वतः बाजूला उभी राहिली, हात पसरले आणि दाखवून दिलं की नवऱ्यापेक्षा ती बोटभर जास्त आहे. त्यानंतर कशावरूनही भांडण झालं की हात पसरून दाखवायची. भांडण तिथंच संपायचं. चादरी वाळत घालताना तिला कधी पाऊल हलवावं लागलं नाही, आणि रंबुटान काढायला काठीही लागली नाही.

माकची नजर आता अधू झालीय. बोटांनी चाचपून दोरी निवडली, आणि चुकली. मेलेल्या मुलीची दोरी जिवंत मुलीच्या खोलीला लावली हे उद्या तिच्या लक्षात आलं तर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सांगून तरी काय सांगणार? मी शिडी लावली, झैतूनची दोरी वर ठेवली आणि हस्माची खाली आणली. नकाशा तिच्या मापानं काढला. तीन दोऱ्या मोजल्या की हातभराचा फरक पडतो.

वर ठेवताना दोरी हातातून सुटेना. पण ठेवली.

२८ जानेवारी, सोमवार

आ हेंगची माणसं आली. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि दुपारपर्यंत पायाचे खड्डे खणूनही झाले. चिनी नवं वर्ष तोंडावर आहे, त्यामुळे त्याची घाई चाललीय. मला नुसतं खड्ड्यांकडे बघूनही छान वाटत होतं. काटकोन अगदी काटकोन होते.

३० जानेवारी, बुधवार

आज माझी पार शोभा झाली.

माक काठी टेकत खाली आली. खड्ड्यांच्या कडेकडेनं एक फेरी मारली आणि म्हणाली, "दोरी आण." मी हस्माची आणली. तिनं ती बोटांतून अर्धीसुद्धा सरकवली नसेल.

"ही नाही."

मी दोरीचं लोंबणारं टोक गोळा करायला लागलो.

"इद्रिस, मी तुला आंधळी वाटले?"

"नाही, माक."

"खुळी वाटले?"

"नाही, माक."

"मग दोरी कुणी बदलली?"

"माक, तुम्ही दिलेली दोरी झैतूनची होती."

"कुणाची होती ते मला सांगतोस? मी कापली ती. ती हात पसरून उभी होती आणि मी तिला दटावत होते, हलू नकोस म्हणून." एवढं बोलून ती जिना चढून वर गेली. तिला जिना चढवत नाही म्हणून खोली बांधतोय, आणि ती एका दमात वर गेली. दुपारी जेवली नाही. मीही जेवलो नाही, तेव्हा तिनं पडद्याआडून ओरडून सांगितलं की माझ्यावर रुसून तुझं पोट भरणार असेल तर खुशाल उपाशी राहा.

३१ जानेवारी, गुरुवार

विचार करून उलगडा झाला. आईचं मन. गेलेल्या मुलीची खोली राहून गेली, ती आता राहत्या मुलीच्या नावानं का होईना, बांधून घ्यायची आहे तिला. आठवण म्हणून. मी मोठा शहाणा, तिची चूक सुधारायला निघालो होतो!

हस्माला फोन करून सांगितलं की तुझी खोली तुझ्या ताईच्या मापाची होणार, मनाला लावून घेऊ नकोस.

"अबांग, मला वरची खोली पुरे आहे," ती म्हणाली. "माक सांगते तसं करा ना. डोकं जरा बाजूला ठेवा."

स्वभावानं किती साधी आहे ही. स्वतःसाठी कधी काही मागत नाही.

आ हेंगला सांगितलं की खड्डे पुन्हा खणायचे. तो म्हणाला, "बॉस, हे खड्डे रबराचे नाहीत." मी म्हटलं, आजीला जाऊन सांग. वर जाऊन आला आणि म्हणाला, "नवं वर्ष उरकलं की खणतो."

२० फेब्रुवारी, बुधवार

पंधरवडाभर फटाके आणि संत्री झाल्यावर माणसं कामावर आली. झैतूनची दोरी मीच पुन्हा खाली काढली. जुने खड्डे बुजवून नवे खणले.

माकनं अंगणात खुर्ची टाकून घेतली. सकाळपासून तिथंच. सुरावकडे नमाजाला जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, "आजी, पुन्हा खणताय?" आणि माक आवाज चढवून सांगते, "जावयानं माप चुकवलं! झैतूनच्या दोरीची खोली आहे, झैतूनच्या!" कुळाच्या दोन थोरल्या मावश्या मुद्दाम बघायला आल्या. त्यांनाही तेच. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेल्या माणसाची अशी गावभर फजिती! मी खाली मान घालून सुतळी धरली.

पण लिहितो ते खरं लिहितो. तिचं नाव दिवसभर मोठ्या आवाजात ऐकलं. नोव्हेंबरपासून या घरात कुणी ते कुजबुजण्यापलीकडे घेतलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

९ मार्च, शनिवार

भिंती कमरेपर्यंत आल्या. माकनं मला आत खुर्चीवर बसवलं.

"काय दिसतं?"

"रंबुटानचं झाड."

"आणि?"

"सुरावचं कुंपण. त्याच्या मागे..." त्याच्या मागे कबरी आहेत. झैतूनची कडेला आहे, चाफ्याखाली.

"झालं तर मग. खिडकी इथंच," माकनं गवंड्याला सांगितलं.

मी सुचवलं की फौजीला रस्त्याकडची खिडकी जास्त आवडेल, त्याला येणारी-जाणारी वाहनं बघायला आवडतात. माक म्हणाली, "फौजीला वाहनं बघायची असतील तर रस्त्यावर उभं राहावं त्यानं."

बिचाऱ्या फौजीचं या घरात कुणी ऐकून घेत नाही. मी जावई म्हणून इथं इतकी वर्षं राहिलो, मला ही वागणूक कधी मिळाली नाही. माझ्या ताटात माशाचा डोक्याकडचा भाग पडला नाही असा दिवस आठवत नाही. हे उपकार मी कशानं फेडणार? फेडायचे नसतातच असले उपकार, पण निदान ध्यानात तरी ठेवावेत.

२७ मार्च, बुधवार

नवं छप्पर जुन्या घराला जिथं भेटतं तिथून गळतं. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांचं जमणं अवघडच. मी आणि आ हेंगनं पत्र्याची पन्हळ वाकवून बसवली. जुन्या तुळईला खिळा मारायचा नाही, असा माकचा हुकूम, म्हणून ती वेतानं बांधली. आ हेंग म्हणाला, "बॉस, वेतानं बांधलेली सिमेंटची खोली मी जन्मात बांधली नव्हती." रात्रभर पाऊस झाला. एक थेंब आला नाही.

खोकला रेंगाळलाय. माक आल्याचा काढा करून रोज समोर बसून पाजते.

१० एप्रिल, बुधवार

बेसिन बसवलं. आ हेंग म्हणाला, "बॉस, इथं उभा राहा. एवढ्या उंचीवर चालेल?"

"मला चालून काय उपयोग? फौजी ठेंगणा आहे. खाली घे."

आ हेंगनं माकच्या तोंडाकडे बघितलं. माक म्हणाली, "आहे तिथंच लाव." कमोडच्या बाजूला धरून उठायचा दांडासुद्धा माझ्या हाताच्या उंचीला बसवला. आता फौजीला तोंड धुवायला पाट द्यावा लागणार. मी दोनदा सांगितलं. माझं काम सांगणं.

कमोड माकला मुळीच पसंत नाही. "खुर्चीवर बसून जायचं? पुढ्यात चहाही ठेवा मग." पण हवा म्हणून आग्रह तिचाच होता.

२१ एप्रिल, रविवार

काल शेवटची कंदुरी झाली. सगळं गाव जेवून गेलं. हस्मानं रात्रंदिवस राबून रेंदांग केलं. दुआ झाली. खोलीही झाली, फरशी पुसून घेतली, दाराला किल्ली आली. किल्ली माकनं कमरेला लावली.

सलमियाचा फोन आला. शनिवारी गाडी घेऊन येते म्हणाली. मी बरं म्हटलं. माकला सांगितलं, तर तीही म्हणाली, "बरं. जेवायलाच ये म्हणावं."

एवढंच. मला काय अपेक्षित होतं कोण जाणे. रीत ती रीत.

२६ एप्रिल, शुक्रवार

बॅग भरली. सदरे, दोन सारोंग, नकाशाची पेटी, झैतूनचा फणेरी आरसा. घरभर एकदा हिंडून आलो. नव्या खोलीलाही कुलूप होतं, म्हणून खिडकीतून आत डोकावलो. हिरवी फरशी सुंदर दिसते. देवानं तिला तिच्या मापाची खोली दिली आणि ती माझ्या हातून झाली, यापेक्षा जास्त मागणं हावरटपणाचं होईल.

जुम्म्याच्या नमाजीत मागच्या रांगेत बसलो. सगळे उठले तरी बसून राहिलो. लोकांना गुडघे वाटले असतील.

२७ एप्रिल, शनिवार

आज झालं ते सगळं लिहितो.

सलमिया आणि तिचा नवरा दुपारी आले. माकनं आधी पोटभर जेवू घातलं. नारळाच्या दुधातला तिखट पिवळा रस्सा होता. सलमियाचं नाक वाहायला लागलं. मग तिनं ओढणी नीट केली, दोन्ही हात जोडून माकपुढे बसली आणि रीतीचे शब्द बोलली: "आजी, आमचा माणूस तुमच्याकडे सोपवला होता. तुम्ही त्याला नीट नांदवलंत. आता त्याला न्यायला आलोय."

"कुठं?" माक म्हणाली.

"घरी. बाहाउला."

"का?"

सलमियानं माझ्याकडे बघितलं. "रीतच आहे ना, आजी. मामी गेली..."

"रीत मला शिकवतेस?" माकनं पानाचा डबा बाजूला सारला. "बायकोच्या खोलीत राहणाऱ्या नवऱ्याला उचलून न्यायची रीत कुठल्या गावची? मागे खोली आहे. झैतूनच्या दोरीची. जिची दोरी तिची खोली, आणि तिचा नवरा तिच्या खोलीत. कुणाला शंका असेल तर गावात विचार. यानं पाया चुकवला म्हणून दोनदा खणावं लागलं, आणि दोन्ही वेळा सगळा गाव बघून गेला. मावश्या मान डोलावून गेल्या. इतका गाजावाजा मला एकटीला जमला नसता. त्या चुकीबद्दल याला शाबासकी द्यायची राहिलीय."

कमरेची किल्ली काढून तिनं माझ्यापुढे टाकली.

हस्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओढणीनं डोळे पुसत होती. फौजी म्हणाला, "अबांग, सुटलो बुवा. मला त्या बेसिनपर्यंत उडी मारून पोचावं लागलं असतं."

माझ्या तोंडून इतकंच निघालं, "माक, मला कुणी सांगितलं नाही."

"काय सांगायचं होतं?" माक माझ्यावरच उखडली. "आपल्या घरात राहा, असं घरच्या माणसाला कुणी सांगतं का? नकाशा तू काढलास. फरशी तू निवडलीस. खिडकीत तू बसलास. रात्रभर ओसरीवर तू खोकतोस, आणि जिन्यावर माझे नाही, तुझे गुडघे वाजतात. तुला वाटलं काय, फौजीचे पाय एवढे लांब आहेत? आणि तू तरी विचारलंस का कधी?"

विचारलं असतं तर ते राहू द्या म्हणून पदर पसरल्यासारखं झालं असतं. तिनं सांगितलं असतं तर ते उपकार केल्यासारखं. म्हणून मी मुकाट बॅग भरली आणि तिनं मुकाट भिंती उभ्या केल्या. मी रडलो. सगळ्यांच्या देखत, तोंड न झाकता. सलमियाही रडली, मग हळूच म्हणाली, "मामा, खरं सांगू? हॉलमध्ये तुमचं अंथरूण नीट पसरलंच जात नव्हतं." रेंदांगचा डबा घेऊन दोघं गेली.

२८ एप्रिल, रविवार

पहिली रात्र खोलीत झोपलो. खोकला आला नाही. पहाटे सुरावची बांग ऐकू आली, खिडकी सरकवली, तर कुंपणापलीकडे चाफ्याची बरीच फुलं पडलेली दिसली. उठताना दांडा धरला. हातात नीट बसतो.

माकनं जिन्यावरून हाक मारली, "इद्रिस! चहाला येतोस, की नव्या घरी आमंत्रण पाठवू?"

आलो म्हटलं आणि जरा थांबलो. कोपऱ्यातून सुरुवात केली. लांबीच्या भिंतीला पाठ लावून हात पसरले, बोटांशी पेन्सिलीची खूण केली, पुढे सरकलो, पुन्हा पसरले, पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा होते तेवढे ताणून पसरले. तरी पलीकडची भिंत बोटांना लागली नाही. थोडी जागा उरलीच. तेवढी ती माझ्याहून जास्तच होती.